रंकाळा तलाव

रंकाळा : कोल्हापूर शहरातील विहाराचा तलाव. अंबाबाईच्या (महालक्ष्मी) मंदिरापासून पश्चिमेस पायी जाण्याजोग्या अंतरावर असून पाणपसारा सुमारे १०७ हेक्टर आहे. काठावर शालिनी पॅलेस (१९३१–३४) आणि पाण्यात संध्यामठ ही दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात संध्यामठाचा खालचा भाग बुडतो. तो किती उघडा पडला यावरून उन्हाळ्यातील पातळीचा अंदाज घेतात.

उत्पत्तीविषयी दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत. एकीनुसार येथे दगडाची खाण होती. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भूकंपाने ती खचली आणि भूगर्भातील पाणी साचत गेले. दुसरी परंपरा खाणीचा संबंध शिलाहार राजा गंडरादित्याने बांधविलेल्या ३६० जैन बस्त्यांशी (मंदिरांशी) जोडते. गंडरादित्याचा काळ मात्र बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे बस्त्यांसाठी दगड निघण्याआधीच खाण पाण्याखाली गेली असे मानावे लागते. ३६० हा आकडाही वर्षाच्या दिवसांवरून आलेला, सांकेतिक वाटतो. भूकंपाला समकालीन लेखी आधार नसल्याने ‘जुनी खाण, पुढे बांध घालून वाढविलेला साठा’ एवढेच म्हणणे सुरक्षित ठरते. नाव रंकभैरव या देवावरून पडले, असे मानतात. त्याचे देऊळ तळ्यात बुडाल्याचे सांगतात. काठचा नंदी रोज गव्हाभर पुढे व तांदळाभर मागे सरतो आणि तो तळ्याला पोचला की प्रलय होणार, ही समजूत प्रसिद्धच आहे.

चौपाटी, भेळ, पोहणारी मुले, फिरायला येणारे यांविषयी वेगळे सांगायला नको. तलावाचे दुखणे वस्त्यांतून येणाऱ्या सांडपाण्यात आहे. त्यातील फॉस्फरस गाळात मुरतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे नाले वळविले तरी पाणी लगेच निवळत नाही.

या खतावर दोन गोष्टी पोसतात. पहिली केंदाळ (जलपर्णी). अनुकूल हवेत ते साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पश्चिमेचा वारा असताना ते पूर्व काठाला साचते. काढायची वेळ तीच, एरवी मोकळ्या पाण्यात त्याच्यामागे धावावे लागते. जाळीला दोर बांधून वेढा घालतात आणि काठाकडे ओढतात. तुटलेला तुकडाही रुजतो म्हणून नुसते कापून चालत नाही. ढीग पाण्याच्या कडेला ठेवला तर पहिल्याच पावसात निम्मा परत जातो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने आधी वाळवून मगच वाहून नेणे स्वस्त पडते. बी गाळात वर्षानुवर्षे टिकते, म्हणून साफ दिसणाऱ्या तलावावरही पहारा लागतो.

दुसरे मायक्रोसिस्टिस हे निळे-हिरवे शेवाळ. त्याच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. वारा पडलेल्या रात्री ते वर तरंगते आणि पहाटे काठाला हिरव्या रंगाची साय धरते, बादलीभर ऑइलपेंट ओतल्यासारखी. त्याच्या काही प्रकारांचे विष यकृतावर जाते. सायीच्या जागी म्हशी धुणे वा पोहणे टाळावे. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकल्यास शेवाळ मरते, पण फुटलेल्या पेशींतील विष एकदम पाण्यात उतरते. मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन खाते. मग पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात, आणि ते प्रथम दिसते ते सकाळी फिरायला येणाऱ्यांनाच.

गौरी-गणपतीच्या विसर्जनासाठी काठावर काहिली (उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढया) ठेवण्याची पद्धत कोल्हापुरात रुळली आहे. गुऱ्हाळातील काहील अशी देवकार्याला आली. निर्माल्य वेगळे घेतात. शाडूची मूर्ती साध्या पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून अधूनमधून ढवळतात. तळाशी चुनखडीचा साका बसतो, वर अमोनियम सल्फेटचे पाणी उरते. हे पाणी नत्रखतच असल्यामुळे पातळ करून झाडांना घालावे. तलावात ओतल्यास शेवाळाचीच भर होते.