गागारिन यानात बसून उतरलाच नाही

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून आला, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण ज्या व्होस्तोक यानातून तो गेला, त्यात बसून तो जमिनीवर आलाच नाही. सोव्हिएत सरकारने ही गोष्ट बरीच वर्षं दडवून ठेवली. वैमानिक यानासकट उतरला तरच विक्रम, असा तेव्हा आंतरराष्ट्रीय नियम होता!

व्होस्तोकमधला माणसाचा कक्ष म्हणजे जेमतेम २.३ मीटर व्यासाचा गोळा. यानाचा मुख्य रचनाकार सर्गेई करोल्योव्ह याच्या अभियंत्यांनी हा आकार घेतला, कारण गोळा कसाही वळला तरी हवेला सारखाच सामोरा जातो. शिवाय वजन एका अंगाला जास्त ठेवल्याने, बूड जड असलेल्या बाहुलीसारखा तो वातावरणात आपोआप सावरतो. गागारिनला याचा प्रत्यय आलाच. परतीचं इंजिन बंद झाल्यावर यंत्रांचा भाग वेळेवर सुटेना, आणि सारं लचांड सुमारे दहा मिनिटं गरगरत राहिलं. तो भाग एकदाचा सुटला आणि पुढे गोळ्याने स्वतःला सांभाळून घेतलं.

अडचण होती ती शेवटच्या टप्प्याची. पॅराशूट उघडूनही गोळा जमिनीवर इतक्या जोरात आदळायचा की आतला माणूस जायबंदी व्हावा. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर झाकण उडायचं आणि माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जायचा. पुढचा प्रवास स्वतःच्या पॅराशूटने. या प्रवासात गागारिनची वेगळीच तारांबळ उडाली. बाहेरची हवा आत घ्यायची झडप पोशाखाच्या वरच्या आवरणाखाली अडकली होती. आरशात बघत, चाचपडत ती मोकळी करायला त्याला सहा मिनिटं लागली. मग सारातोव्हजवळच्या शेतात तो सुखरूप उतरला.

व्होस्तोकचे सहाही अंतराळवीर असेच उतरले. त्यामुळे निवडीत पॅराशूटच्या उड्यांना मोल आलं. यारोस्लाव्हल शहरातल्या कापडगिरणीतली व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा वैमानिक नव्हती, पण स्थानिक क्लबात हौसेने उड्या मारायची. १६ जून १९६३ रोजी अंतराळात गेलेली पहिली स्त्री तीच ठरली.