उभ्या विमानाचं दुखणं

१४ एप्रिल २०२० या एका दिवशी अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांच्या सुरक्षा तपासणीतून मिळून ८७,५३४ माणसं गेली. वर्षभरापूर्वी त्याच सुमारास हा रोजचा आकडा २२ लाखांच्या घरात होता. जगभर तीच गत होती. २०१९ मध्ये सुमारे ४५० कोटी प्रवासी विमानाने गेले, २०२० मध्ये जेमतेम १८० कोटी. कोविडच्या काळातला विमानप्रवास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती रिकामी दालनं आणि फलकावर ओळीने ‘रद्द’ झालेली उड्डाणं. मला मात्र तेव्हापासून एका प्रश्नाने पछाडलं आहे. एवढी विमानं ठेवली कुठे, आणि उभी असताना त्यांचं झालं काय?

पहिली अडचण जागेची. जगातली सगळी विमानं एकाच वेळी जमिनीवर असतील, असा हिशेब कुठल्याच विमानतळाने केलेला नसतो. एक विमान निघतं, त्याच्या जागेवर दुसरं येऊन लागतं, आणि त्याच वेळी हजारो विमानं वर हवेत असतात. एप्रिल २०२० मध्ये निम्म्याहून अधिक प्रवासी विमानं एकदम खाली आली. फ्रँकफर्टमध्ये तर एका धावपट्टीवरची उड्डाणं थांबवून तिच्यावरच विमानं ओळीने लावली. ज्यांना लवकर उडायची आशा नव्हती ती लांब, कोरड्या प्रदेशात गेली: स्पेनच्या पठारावरचं तेरुएल, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातलं ॲलिस स्प्रिंग्ज, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटांतले तळ.

वाळवंटच का, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: ओलावा. उडणारं विमान तापतं, वाळतं, त्याच्या यंत्रांतून तेल खेळतं राहतं. उभ्या विमानात रात्रीच्या गारव्याने दव धरतं आणि ते सांध्यासांध्यांत साचून राहतं. म्हणून इंजिनाची तोंडं झाकतात आणि आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवतात. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करतात. चाकांच्या दांड्यांचा चकचकीत भाग ग्रीसने माखतात. टायर एकाच जागी दबून चपटे पडू नयेत म्हणून चाकं ठरावीक दिवसांनी फिरवतात. इंधनाची टाकी मात्र पूर्ण रिकामी करत नाहीत, कारण वाऱ्यात विमान हलू नये इतकं वजन हवं आणि आतली रबरी सीलं ओली राहायला हवीत. पण त्या इंधनाच्या तळाशी थोडं जरी पाणी उतरलं, तरी पाणी आणि इंधन जिथे भेटतात त्या थरात बुरशी वाढते. ती इंधनावरच जगते, तिचा चिकट थर गाळण्या तुंबवतो आणि तिच्या आम्लाने धातू खाल्ला जातो. त्यावर जंतुनाशक घालणं हेही देखभालीच्या कामातच मोडतं. म्हणजे ‘उभं करून ठेवलं’ या तीन शब्दांमागे तंत्रज्ञांचे कित्येक तास असतात, आणि साथीच्या काळात ही माणसं रोज कामावर जात होती.

ओलाव्याने काय होतं याचा दाखला लवकरच मिळाला. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७३७ बाबत तातडीचा आदेश काढला. सलग सात किंवा त्याहून जास्त दिवस उभ्या राहिलेल्या विमानांच्या इंजिनातली एक झडप तपासा, असं त्यात म्हटलं होतं. ही झडप गंजली की उघडी असतानाच अडकू शकते. उड्डाणात एक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या. दोन्ही इंजिनांत एकाच वेळी असं घडलं तर? हीच काळजी त्या आदेशामागे होती. इतक्या भक्कम यंत्राला खाली बसायला एक आठवडा पुरला, हे वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो.

पण या सगळ्यात मला सर्वांत जवळून पाहावीशी वाटते ती एक छोटीशी नळी.

विमानाच्या नाकाशेजारी पुढे तोंड करून बसवलेल्या या नळीला पिटो नळी म्हणतात. आँरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सेन नदीचा प्रवाह मोजायला तिची मूळ कल्पना वापरली. समोरून येणारी हवा नळीत शिरते आणि दाब निर्माण करते. विमानाच्या कुशीवरच्या दुसऱ्या भोकातून आजूबाजूच्या शांत हवेचा दाब कळतो. दोन्हींतल्या फरकावरून विमानाचा हवेतला वेग निघतो. वैमानिकाला सर्वांत जास्त गरज असते ती याच आकड्याची. वेग गरजेपेक्षा कमी झाला तर पंख विमानाला पेलू शकत नाहीत. एवढा महत्त्वाचा आकडा काही मिलिमीटरच्या भोकावर अवलंबून असतो, म्हणून मोठ्या विमानांवर अशा तीन-तीन नळ्या असतात.

आता कुंभारीण माशीचा विचार करा. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाची इवलीशी मडकी बांधणारी ही माशी आपल्या ओळखीची आहे. तिच्याच कुळातली एक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली माशी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला येऊन वसली. ती मडकं बांधत बसत नाही, तयार भोक शोधते. त्यात अंडं घालते, पिलासाठी बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते आणि तोंड चिखलाने लिंपून टाकते. कुलपाचं भोक तिला चालतं. पिटो नळी तर तिच्या मापाचीच. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिस्बेनला एक मोठं विमान अवघे दोन तास जमिनीवर होतं. पुन्हा निघताना वेगाचे आकडे जुळेनात म्हणून वैमानिकांनी धावपट्टीवरच उड्डाण सोडून दिलं. तपासणी झाली, विमान दुसऱ्यांदा निघालं, आणि हवेत गेल्यावर पुन्हा तोच प्रकार. संकटाचा संदेश देऊन ते सुखरूप परतलं. कप्तानाच्या बाजूची नळी चिखलाने जवळपास पूर्ण बुजलेली निघाली.

त्यानंतर संशोधकांनी थ्री-डी प्रिंटरवर पिटो नळ्यांच्या प्रतिकृती तयार केल्या आणि त्या ब्रिस्बेन विमानतळावर लावून ठेवल्या. ३९ महिन्यांत ९३ वेळा त्या पूर्ण बुजल्या. हा अभ्यास प्रसिद्ध झाला २०२० च्या अखेरीस, म्हणजे जगातली विमानं दोन तास नव्हे तर महिनोन्‌महिने उभी असताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनेही इशारा दिला होता: दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या विमानांत पहिल्याच उड्डाणाला वेगाची चुकीची नोंद होण्याचे प्रकार वाढत आहेत, आणि नळ्यांत किड्यांची घरं सापडत आहेत.

हा धोका किती गंभीर आहे हे जगाने १९९६ मध्ये पाहिलं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सुमारे तीन आठवडे उभं राहिलेलं एक बोइंग ७५७ उडालं आणि काही मिनिटांतच समुद्रात कोसळलं. विमानातल्या १८९ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. एक पिटो नळी बुजली होती आणि त्यामागे बहुधा कुंभारीण माशीचं घर होतं, असं तपासात म्हटलं गेलं.

उपाय सोपा वाटतो: नळीला टोपी घाला. पण त्या उपायालाही जपावं लागतं. जुलै २०१८ मध्ये ब्रिस्बेनहूनच एक विमान तिन्ही नळ्यांवरच्या टोप्या तशाच ठेवून उडालं. ते सुखरूप उतरलं, पण हवेत असताना वैमानिकांना वेगाचा एकही आकडा मिळत नव्हता. म्हणूनच या टोप्यांना लांब लाल फिती लावतात आणि ‘उड्डाणापूर्वी काढा’ असं त्यांवर छापतात. हजारो विमानांवरच्या टोप्या, पडदे, पट्ट्या एकेक करून काढायच्या आणि त्यांची नोंद ठेवायची, हे काम साथीनंतर जगभर झालं.

विमानतळांची उतरंडही त्या वर्षी उलटीपालटी झाली. १९९८ पासून प्रवाशांच्या संख्येत जगात पहिलं असलेलं अटलांटा ११ कोटींवरून ४.२९ कोटींवर आलं आणि चीनच्या ग्वांगझूने ४.३८ कोटींनिशी पहिली जागा घेतली. एप्रिलअखेरीस एका दिवशी तर अलास्कातलं अँकरेज हे विमानांच्या ये-जा मोजल्या तर जगातलं सर्वांत गजबजलेलं विमानतळ ठरलं. ते आशिया आणि अमेरिका यांच्या वाटेवर आहे आणि मालवाहू विमानं तिथे इंधन भरायला थांबतात. माल जात होता, माणसं जात नव्हती. पण मालाचीही ओढाताण होतीच, कारण हवाई मालापैकी जवळपास निम्मा एरवी प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. म्हणून मास्कची खोकी रिकाम्या आसनांवर पट्ट्यांनी बांधून नेलेली आपण छायाचित्रांत पाहिली.

आणखी एक तोटा फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. हजारो प्रवासी विमानं उडता उडता हवेचं तापमान आणि वाऱ्याचा वेग मोजून हवामान खात्यांना पाठवत असतात. साथीपूर्वी अशा नोंदी दिवसाला आठ लाखांहून अधिक होत. जागतिक हवामान संघटनेच्या म्हणण्यानुसार त्या सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी घटल्या, दक्षिण गोलार्धात त्याहून जास्त. युरोपमध्ये काही ठिकाणी हवामानाचे जादा फुगे सोडून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न झाला. पण उपग्रह वरून पाहतो, फुगा एका जागेवरून वर जातो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यातून लांबवर आडवं जात तो मोजणारं साधन म्हणजे विमानच.

हळूहळू ही विमानं परत आणली गेली. टोप्या निघाल्या, नळ्या धुतल्या गेल्या, झडपा तपासल्या गेल्या. वैमानिकांनाही सरावात यावं लागलं, कारण गेल्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं केलेली असावीत असा नियम आहे आणि त्यासाठी अनेकांनी सिम्युलेटरचा आधार घेतला. मग विमान धावपट्टीवर येतं, वेग घेऊ लागतं. एक वैमानिक ठरलेला आकडा मोठ्याने उच्चारतो, काही विमानांत ८० नॉट, काहींत १०० (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर). दुसरा आपल्या पडद्यावरचा आकडा पाहून होकार देतो. कुठल्या नळीत चिखल असेल तर तो इथे कळतो, आणि या वेगाला विमान अजून थांबवता येतं.