सक्युलंट झाडांची हिवाळ्यातली निगा

सक्युलंट म्हणजे पानात, खोडात नाहीतर मुळात पाणी साठवून ठेवणारी मांसल झाडं. कोरफड, जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया, स्नेक प्लांट, ॲडेनियम आणि जवळपास सगळे निवडुंग यात आले. घरातली ही झाडं हिवाळ्यात बरीच दगावतात आणि दोष थंडीला दिला जातो, पण थंडी एकटी सहसा काही करत नाही, थंडी, ओली माती आणि कमी उजेड असं तिन्ही एकदम जमलं की झाड जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात हिवाळ्यात रात्री दहिवर गोठतं आणि तिथेच कितीतरी सक्युलंट मजेत वाढतात, कारण जमीन कोरडी असते आणि दिवसा लख्ख ऊन असतं.

गार मातीत मुळं पाणी ओढायचं जवळजवळ बंद करतात, कुंडी वाळत नाही आणि मग मूळकूज लागते. खोड तळाशी मऊ आणि तपकिरी झालं की बहुतेक उशीर झालेला असतो, वरचा चांगला भाग कापून वाळवून नवीन मातीत लावणं एवढंच हातात राहतं. पारा ० अंशाच्या खाली गेला की प्रकार वेगळा होतो, पानातल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात, पान आधी काचेसारखं ओलसर दिसतं आणि मग काळं पडतं.

तापमानाचा साधा हिशोब असा की बहुतेक घरगुती सक्युलंटना हिवाळ्यात १० ते १५ अंश सेल्सियस चांगलं मानवतं. एचेव्हेरिया, जेड आणि बरेच निवडुंग माती कोरडी असेल तर ५ अंशांपर्यंतही निभावून नेतात. स्नेक प्लांट आणि ॲडेनियम मात्र गरम भागातले, त्यांना १० च्या खाली नेऊ नये. ॲडेनियम थंडीत पानं गाळतो, तो मेला असं समजून पाणी ओतत बसू नये, खोड टणक असेल तर तो झोपलाय.

मुंबई-कोकणात आणि गोव्यात त्यामुळे फारशी काळजी नाही. पुण्यात रात्री पारा १० च्या आसपास जातो, निफाडला त्याहूनही खाली, तिथे बाल्कनीतल्या कुंड्या रात्री भिंतीलगत घेतल्या तरी पुरतं. खरी पंचाईत न्यू जर्सी, टोरांटो, लंडनसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांची, कारण तिथे घर हीटरने २० अंशांच्या वर असतं पण उजेडच नसतो, डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांपेक्षाही छोटा, पुण्याचा तेव्हा अकरा तासांच्या आसपास. उबेमुळे झाड वाढायला बघतं आणि उजेड नसल्यामुळे बारीक, फिकट, लांबुडकं होतं, ती बिघडलेली ठेवण नंतर सुधारत नाही. म्हणून तिथे एकतर कमी गरम खोलीतली दक्षिणेकडची खिडकी द्यावी नाहीतर रोज १२ तासांच्या आसपास ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा. पान काचेला टेकू देऊ नये, आणि रात्री पडदा ओढताना कुंडी काच आणि पडदा यांच्या मधे अडकवू नये, त्या फटीत खोलीपेक्षा बरीच जास्त थंडी असते. हीटरच्या अगदी वरही नको.

पाणी कॅलेंडर बघून घालायचं नाही. अगरबत्तीची जुनी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून काढावी, कोरडी निघाली तरच पाणी, तेही सकाळी, मातीत, पानांच्या मधल्या खाचेत नाही. स्प्रे मारायची गरज नसते, खत तर या दिवसांत बंदच. पण एकच नियम सगळ्यांना लावू नये, हॉवर्थिया आणि एओनियम गार हवेतच वाढतात, त्यांना थोडं थोडं पाणी लागतं. लिथॉप्स म्हणजे दगडासारखं दिसणारं झाड याच्या बरोबर उलट, हिवाळ्यात त्याची जुनी पानं सुकत जातात आणि त्यातलं पाणी आतून येणारी नवी जोडी पिते, त्या काळात वरून पाणी घातलं की जुनी पानं सुकतच नाहीत आणि झाड फुटतं किंवा सडतं.

हिवाळ्याचा फायदाही आहे. ख्रिसमस कॅक्टसला आणि मादागास्करच्या कलांचोला कळ्या धरायला लांब रात्री लागतात, कलांचोला साधारण सहा आठवडे रोज १४ तास अंधार हवा. हॉलमधे रात्री बारापर्यंत लाइट चालू असेल तर कलांचो नुसती पानंच काढत बसतो.

पिठ्या ढेकूण याच दिवसांत पानांच्या बगलेत पांढऱ्या कापसासारखे दिसायला लागतात, कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावेत आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवावी. मग महाराष्ट्रात फेब्रुवारी संपता संपता ऊन एकदम कडक होतं, घरात राहिलेली झाडं थेट गच्चीत नेली तर पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून आधी नुसतं सकाळचं ऊन द्यावं आणि दोनेक आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावं.