प्रकाश येतो, लिंक येत नाही

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, ऐरोलीपासून महाप्यापर्यंत, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही डेटा सेंटर. आतल्या नव्या राउटरांवर सेकंदाला १०० आणि ४०० गिगाबिट पेलणारे पोर्ट, म्हणजे लिंक जोडायच्या खोबणी, असतात. समजा, खाडीपलीकडे वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या इंटरनेट ऑपरेटरला तिथून १० गिगाबिटची लिंक हवी आहे. फायबर ओढून झालाय, पण राउटरवर १० चा एकही पोर्ट मोकळा नाही. शंभरचे तीन रिकामे आहेत. मग त्यातलाच एक घ्यावा. शंभर पेलणाऱ्याला दहा काय जड आहे?

इथेच फसगत होते. मॉड्यूल, म्हणजे विजेचे बिट प्रकाशात बदलणारा तुकडा, पोर्टमध्ये बसतं, पॉवर मीटरवर प्रकाश व्यवस्थित दिसतो, आणि पोर्ट मात्र डाउनच, म्हणजे बंदच राहतो.

आधी एक गोंधळ दूर करू. घरी आपण ५० एमबीपीएसचा प्लॅन घेतो, तेव्हा तारेवरचे बिट सावकाश धावत नाहीत. ते पोर्टच्या पूर्ण वेगानेच जातात. कंपनी फक्त मधूनमधून पॅकेट, म्हणजे डेटाचे गठ्ठे, थांबवते किंवा टाकून देते, म्हणून सरासरी ५० वर येते. पोर्टचा वेग बदलणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिथे एकेका बिटची लांबीच बदलते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १० गिगाबिटच्या लिंकवर एक बिट जेमतेम ९७ पिकोसेकंद टिकतो, म्हणजे काचेच्या धाग्यात त्याने व्यापलेली जागा सुमारे दोन सेंटिमीटर. १ गिगाबिटला तोच बिट सोळा सेंटिमीटरचा होतो, आणि १०० गिगाबिटच्या चार वाटांपैकी (शंभर बहुतेक वेळा २५-२५ च्या चार वाटांनी जातात, ते पुढे येईल) एका वाटेवर आठ मिलिमीटरहूनही कमी. दहा किलोमीटरच्या धाग्यात १० गिगाबिटच्या वेगाने कोणत्याही क्षणी पाच लाखांवर बिट वाटेत असतात. पलीकडच्या टोकाला ते अचूक मोजून घ्यायचे आहेत.

घ्यायचे कसे? सोबत घड्याळाची वेगळी तार नसते. येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांवरूनच घेणाऱ्याला ताल ओळखावा लागतो. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये भजन चालू असतं, ठाण्याला चढलेला माणूस दोन ओळी ऐकतो आणि टाळ बरोबर समेवर धरतो, तसंच. फरक एवढाच की माणूस कुठलीही लय पकडतो, सर्किट नाही पकडत. ते एका ठरावीक लयीसाठी जुळवलेलं असतं आणि इथरनेटच्या मानकात पाठवणाऱ्याला मिळणारी सूट आहे दहा लाखांत शंभर, बस्स. २५.७८ अब्ज बिटांसाठी, म्हणजे शंभरच्या एका वाटेसाठी, जुळवलेल्या सर्किटपुढे १०.३१ अब्जाचा सिग्नल आला की त्याच्या दृष्टीने तो नुसता गोंगाट असतो.

या अपूर्णांकांचंही कारण आहे. १ गिगाबिटच्या पद्धतीत दर ८ बिटांना १० करून पाठवतात, म्हणून तारेवर १.२५ अब्ज. १० गिगाबिटला ६४ चे ६६ होतात, म्हणून १०.३१२५. म्हणजे वेगाबरोबर बिट बांधण्याची रीतही बदलते. दोन टोकांनी नुसता वेग जुळवून भागत नाही.

तांब्याच्या तारेवर हे सगळं आपोआप होतं. लॅपटॉपची केबल जुन्या स्विचमध्ये खोचली की दोघं आधी आपापसांत विचारतात, तुला किती जमतं, आणि १०० किंवा १००० वर मिटवतात. त्या सवयीमुळे फायबरकडूनही आपली तीच अपेक्षा असते. पण प्रकाशाच्या लिंकवर वेगाची अशी बोलणी होत नाहीत. १९९८ च्या गिगाबिट फायबर मानकात ऑटोनेगोसिएशन, म्हणजे अशी आपोआप बोलणी, आहे, तेही वेगासाठी नाही. डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवायचं की आळीपाळीने) आणि पॉज (समोरच्याला जरा थांबायला सांगणं) यांसारख्या बाबींपुरतं आहे. आणि तेसुद्धा त्रास देतं. एका टोकाने ते बंद ठेवलं आणि दुसऱ्याने चालू, तर पहिल्याकडे लिंक अप दिसते, दुसऱ्याकडे डाउन. मग दोन्ही बाजूंचे इंजिनीअर फोनवर एकमेकांना ‘आमच्याकडून ओके आहे’ सांगत बसतात, आणि निम्मे खरेही असतात.

राउटरला मॉड्यूलबद्दल जी माहिती असते, ती मॉड्यूलच्या आतल्या छोट्या मेमरीतून वाचलेली. साध्या एसएफपीमध्ये, म्हणजे एकाच वाटेच्या छोट्या मॉड्यूलमध्ये, तिथे एका जागी वेग लिहिलेला असतो, शंभर मेगाच्या एककात: १० गिगाबिटच्या मॉड्यूलमध्ये १०३, एक गिगाबिटच्यात १३. काही राउटर हा आकडा पाहून स्वतः वेग बदलतात, काहींना कॉन्फिगरेशनमध्ये हाताने सांगावं लागतं. पण समोरच्या टोकाला काय बसवलंय हे त्या मेमरीत कसं असेल? ते माणसालाच ठाऊक हवं.

आता शंभरच्या पोर्टकडे. त्याला शंभर गिगाबिटची एकच वाट आहे असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी २५-२५ च्या चार आहेत. लांब पल्ल्याच्या एलआर-४ मॉड्यूलमध्ये १२९५ ते १३०९ नॅनोमीटरच्या दरम्यानचे चार रंग एकाच धाग्यात घातलेले असतात. डोळ्यांना यातला एकही दिसत नाही, पण घेणाऱ्याकडे ते चार वेगळे करणारी यंत्रणा असते. असं मॉड्यूल १० गिगाबिटच्या एकरंगी मॉड्यूलशी बोलूच शकत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये कितीही आज्ञा द्या.

उपाय दोन उरतात. पहिला, क्यूएसए नावाचा अडॅप्टर. क्यूएसएफपीच्या, म्हणजे चार वाटांच्या मॉड्यूलच्या, मोठ्या खोबणीत तो बसतो आणि त्याच्या पोटात १० गिगाबिटचं साधं मॉड्यूल. चारपैकी एकच वाट वापरात येते, तीन रिकाम्या पडतात. दुसरा उपाय ब्रेकआउटचा: चार समांतर वाटांचं मॉड्यूल घ्यायचं, त्याच्या एमपीओ या अनेक धाग्यांच्या कनेक्टरमधून आठ धागे निघतात, दोन-दोन धाग्यांच्या चार लिंक होतात. चार ग्राहक असतील तर हाच शहाणपणाचा. एकासाठी मात्र क्यूएसए बरा, वाया जातं ते जाऊ दे.

दोन्हींत अट एकच: राउटरच्या चिपला तो वेग जमला पाहिजे. बिटांची रांग लावणारं सर्किट, म्हणजे सर्डिस, ठरावीक पट्ट्यातच चालतं. २५ अब्जांसाठी बांधलेल्याला १० बहुधा जमतं. १.२५ साठी मात्र युक्ती करावी लागते: सर्किट स्वतः जलदच चालवायचं आणि तोच बिट सलग अनेकदा पाठवायचा, घेताना अनेकदा तपासायचा. ही सोय ठेवायला चिपवर जागा आणि मेहनत लागते, म्हणून नव्या पिढीतल्या अनेक चिपांनी १ गिगाबिट सरळ सोडून दिलं आहे. शिवाय या सर्किटांना ताल देणारं घड्याळ सामायिक असतं. काही स्विचवर २५ चे चार पोर्ट एका गटात असतात. एकाला १० वर आणलं की उरलेले तिघंही येतात, त्यांवर कोणाची का लिंक चालू असेना. रात्री दोन वाजताच्या मेंटेनन्समध्ये हे कळणं फार वाईट.

२५ च्या लिंकवर आणखी एक चकवा असतो, एफईसीचा, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या जोडबिटांचा. एका टोकाला चालू, दुसऱ्याला बंद, की वेग, रंग, प्रकाश सगळं जुळूनही लिंक उठत नाही.

कमी वेगाचा फायदाही आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा आहे. प्रकाशातले किंचित वेगळे रंग धाग्यात वेगवेगळ्या गतीने जातात, त्यामुळे बिट पसरून शेजाऱ्यात मिसळतो. हे सोसण्याची क्षमता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: वेग दहापट कमी केला तर ढोबळमानाने शंभरपट पसरण चालतं. ठाणे-नवी मुंबईच्या अंतरांना याने फरक पडत नाही, कारण १३१० नॅनोमीटरच्या आसपास साध्या फायबरमध्ये ही पसरण जवळजवळ शून्यच असते. इमारतीतल्या मल्टिमोड फायबरवर मात्र पडतो. तिथे प्रकाश अनेक मार्गांनी जातो, ही आणखी एक पसरण. ओएम-३ प्रकारच्या धाग्यावर १० गिगाबिट ३०० मीटर जातं, १०० गिगाबिटचं एसआर-४ मॉड्यूल फक्त ७०.

आणि लिंक एकदाची उठली तरी एक प्रश्न राहतोच. एका बाजूने १०० गिगाबिटने माल येतोय आणि दुसऱ्या बाजूने १० ने जातोय. एक मेगाबाइटचा झटका शंभरच्या पोर्टातून ८० मायक्रोसेकंदांत आत येतो. बाहेर पडायला ८०० लागतात. एक गिगाबिटच्या पोर्टातून, तर ८ मिलिसेकंद. तेवढा वेळ बाकीची पॅकेट चिपच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, उभी, आणि वेगवान स्विचच्या चिपांमध्ये बफर बेताचाच असतो, साऱ्या पोर्टांत वाटून घेतलेला. तो भरला की पॅकेट पडतात. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख पाहणाऱ्या ऑपरेटरला पोर्ट तीस टक्केच भरलेला दिसतो, ग्राहक मात्र व्हिडिओ कॉल तुटतोय म्हणून ओरडत असतो. अशा वेळी आलेख बाजूला ठेवून पोर्टचा ‘आउटपुट ड्रॉप’, म्हणजे बाहेर जाताना पडलेल्या पॅकेटांचा, काउंटर पाहावा. तो वाढत असेल तर फायबर, मॉड्यूल, पॅच कॉर्ड यांतलं काहीही बदलून उपयोग नाही. मोठ्या बफरचा राउटर तरी हवा, नाहीतर ऑपरेटरच्या टोकाचा पोर्ट वाढवायला हवा.