निपलवरचा इसब की पॅजेटचा कॅन्सर? ट्यूब बदलत बसू नका

आपल्याकडं खेड्यात अंगाला खाज सुटली की पहिले मेडिकलमधून ट्यूब येते, गजकर्णाची म्हणा की कसलीही, बहुतेक स्टेरॉइडवाली. तेही चूकच, पण आज निपलबद्दल बोलू, कारण ही गोष्ट बाई घरात कोणाला सांगत नाही आणि पुरुष डॉक्टरला तर दाखवतच नाही.

साधा इसब, म्हणजे एक्झिमा, बरेचदा दोन्हीकडं असतो, निपलभोवतीच्या काळ्या घेरावर सुरू होतो आणि निपल पुष्कळदा सुटून जातं. साबण, घाम, घट्ट कपडा, अंगावर पिणारं लेकरू, अशानं तो वाढतो, नीट औषध लावलं की जातो.

पॅजेटचं उलटं आहे. एकाच बाजूला, थेट निपलवरच सुरुवात, मग घेराकडं पसरतो. लाली, खपल्या, आग, कधी पाणी नाहीतर रक्त, पुढं निपल चपटं होतं किंवा आत ओढलं जातं. जेम्स पॅजेट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७४ मध्ये हा लिहून ठेवला. स्तनाच्या १०० कॅन्सरमध्ये असे १ ते ४, म्हणून लवकर कोणाच्या डोक्यात येत नाही. बहुतेक जणींना आत स्तनातही कॅन्सर असतो, पण जवळपास निम्म्या जणींच्या हाताला गाठ लागतच नाही, त्यामुळं "गाठ नाही ना, मग काय भ्यायचं" हे इथं चालत नाही. पुरुषांनाही होतो बरं, क्वचित.

खरी फसगत अशी की स्टेरॉइडच्या ट्यूबनं पॅजेटही थोडे दिवस दबतो, बाईला वाटते बरं झालं, मग पुन्हा येते, मग दुसरी ट्यूब, असे महिनेच्या महिने जातात. एका बाजूचा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही किंवा जाऊन परत आला तर बायोप्सीच पाहिजे. जागा बधिर करून चामडीचा बारीक तुकडा काढतात, बस. सोबत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, पण ती नॉर्मल आली तरी बायोप्सी टाळू नका, कधी एमआरआयही लागतो.

इलाज म्हणजे ऑपरेशन. दरवेळी पूर्ण स्तन काढत नाहीत, आजार थोड्याच जागेत असला तर निपल, घेर आणि खालचा भाग काढून नंतर रेडिएशन देतात. काखेतल्या गाठी तपासतात, केमो, हार्मोनच्या गोळ्या किंवा हर-टूचं (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) इंजेक्शन रिपोर्टवर ठरते.

सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहेच. जन आरोग्य योजनेसाठी राशन कार्ड, आधार न्या, आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत टाकून न्या, डॉक्टर पहिले तेच विचारतात.