हनफी आणि शाफई : घोळ सगळा असरच्या सावलीचा

भुसावळला रेल्वेमुळे सगळीकडची माणसं. खान्देशातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, आणि कोकणातून बदलीवर येतात ते शाफई. तेवढ्यावरून "ते वेगळ्या पंथाचे" असं लोक बिनदिक्कत म्हणतात, ते ऐकून वाईट वाटतं. दोघंही सुन्नीच, धर्माचे नियम लावायच्या रीती तेवढ्या दोन. मराठीत कुणी 'इस्लामी कायद्याच्या शाळा' लिहिलं की मला राहवत नाही. शाळा कसल्या? शब्द आहे मजहब, आणि इथे त्याचा अर्थ धर्म नव्हे, चालायची वाट. देवबंदी-बरेलवी हा आपल्याकडच्या दोन विचारधारांचा वाद यात मिसळू नका. ते दोघंही हनफीच.

ज्यांच्या नावावरून हे दोन मजहब, त्यांतले इमाम अबू हनीफा ७६७ साली गेले, त्याच साली इमाम शाफईंचा जन्म. पुढे शाफई मदिनेत इमाम मालिकांकडे शिकले आणि इराकात अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्याकडेही. इतकं जवळचं नातं आहे हे.

नमाजेत रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना शाफईंचं हात उचलणं, आमीन मोठ्यानं म्हणणं, हे पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरतं. त्यानं नमाज कुणाचीच बिघडत नाही. समुद्रातलं हनफींना फक्त मासळी चालते, शाफईंना त्याहून बरंच काही. कोळंबीला मासळी म्हणायचं का, यावर हनफी आलिमांतच, म्हणजे धर्मपंडितांतच, दोन मतं.

अडतं ते असरला, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेला. आमच्या शेजारच्या रत्नागिरीच्या काकांनी मे महिन्यात पावणेचारला मुसल्ला (नमाजेची चटई) अंथरला, तर पोरं म्हणाली, "काका, वेळच झाली नाही." झाली होती. त्यांच्या मजहबाप्रमाणे.

अंगणात एक मीटरची काठी उभी रोवा. २५-२६ मेला सूर्य भुसावळला जवळजवळ थेट डोक्यावर येतो, भर दुपारी सावली उरतच नाही. मग ती वाढत वाढत काठीएवढी, म्हणजे एक मीटर झाली की शाफईंची असर सुरू : साधारण ३:४०. काठीच्या दुप्पट झाली की हनफींची : पाचच्या सुमारास. मेमध्ये हे अंतर सव्वा तासाच्या वर जातं, डिसेंबरात पाऊण तासावर येतं.

आता लोक हमखास चुकतात ती गोष्ट. भर दुपारची मूळ सावली या मापात धरायची नसते. डिसेंबरच्या अखेरीस भुसावळला ती मूळ सावलीच ९८ सेंटीमीटर असते. ती वगळली नाही, तर दुपारी एकच्या आतच असर लागेल! म्हणून तेव्हा शाफईंना १९८ सेंटीमीटर हवी, हनफींना २९८. मोबाईलवरची वेळ पाहून भांडणाऱ्यांनी आधी त्यात असर कोणत्या मजहबाची लावली आहे ते बघावं.

आणखी एक. अबू हनीफांचे दोन थोर शिष्य, अबू युसूफ आणि वर आलेले इमाम मुहम्मद, यांचं मत एकाच सावलीचं होतं. तेव्हा शाफईंची असर "झालीच नाही" असं हनफीनं तरी म्हणू नये. मला जुना सावध रिवाज पटतो : जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पहिल्या सावलीच्या आत उरकावी, असर दुसरीनंतर पढावी. दोन्ही मतांनी नमाज वेळेत.

काका आता मशिदीत सव्वापाचच्या जमातीला, म्हणजे सगळ्यांबरोबरच्या नमाजेला, येतात. त्यांच्या हिशेबानं असर लागून तेव्हा दीड तास झालेला असतो, आणि सूर्य मावळायला अजून पावणेदोन तास असतात.