ब्रशचा फराटा आणि शिशाचा खिळा

पेंटरने एकाच पाटीवर दोनदा ‘अ’ काढला तर ते दोन ‘अ’ कधीच सारखे नसतात. पहिल्या वेळी ब्रश रंगाने भरलेला असतो, दुसऱ्या वेळी सुकत आलेला. मग फराट्याच्या टोकाला केसांच्या रेघा सुट्या होतात आणि त्यांतून पाटीचा मूळ रंग दिसतो. छपाईचा खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा शिशाचा ठसा, मात्र साच्यातून ओतलेला. हजारदा उमटवला तरी तोच. ब्रशच्या वळणाचे टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे संच, जन्मल्यापासून याच पेचात आहेत.

अमेरिकन टाइप फाउंडर्स या खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये ‘ब्रश स्क्रिप्ट’ केला. तो जाहिरातींत भरपूर वापरला गेला, पण त्याच्या कडा फारच नीटनेटक्या.

खरी मजल मारली ती फ्रान्समधल्या मार्सेयच्या रोजे एक्स्कोफों यांनी. फोंदरी ऑलिव्ह या ओतशाळेसाठी १९५३ मध्ये त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केला. नाव तिथल्याच बोचऱ्या वाऱ्याचं. त्यातली लहान लिपीतली (a, b, c) रोमन अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत. २६ अक्षरं म्हणजे ६७६ जोड्या, आणि प्रत्येक जोडीत आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्याच्या सुरुवातीला बरोबर टेकायला हवी. शिशात हे साधणं म्हणजे कमाल आहे. १९५५ मध्ये त्यांचाच ‘शॉक’ आला, जाड ब्रशने एका दमात मारल्यासारखा. मला तो ‘मिस्त्राल’पेक्षाही जिवंत वाटतो.

तरी ‘एक अक्षर, एक रूप’ ही अट सुटली नव्हती. ती मोडली १९९० च्या सुमारास एरिक फान ब्लोकलांड आणि युस्ट फान रोसम या डच जोडीने. त्यांच्या ‘बेओवुल्फ’ फॉन्टच्या कडा छापताना दर वेळी वेगळ्या खडबडीत होत. पुढे ओपनटाइप हे फॉन्टच्या फाइलचं नवं स्वरूप आल्यावर एकाच अक्षराची तीन-चार रूपं फॉन्टमध्ये ठेवून ती आळीपाळीने आणता येऊ लागली. आजचे खरखरीत ब्रश फॉन्ट याच सोयीवर उभे आहेत.

देवनागरीत अडचण आणखी एक, शिरोरेखेची. पेंटर ती शब्दभर एका हाताने ओढतो. फॉन्टमध्ये तिचे अक्षरागणिक तुकडे होतात. कडा खडबडीत ठेवल्या की प्रत्येक सांध्याशी पायरी दिसते. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. त्यात ब्रशचा तिरका काप छान उतरलाय, कडा मात्र स्वच्छ ठेवल्यात. कमल शेडगे यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. मराठी नाटकांची नावं ते हातानेच काढत, प्रत्येक नाटकासाठी वेगळं वळण घेऊन. तिथे शिरोरेखा अख्ख्या नावाची असे.